गॅलरीतील उष्णकटिबंध

मुंबईसारख्या शहरात, जेथे होळीच्या आधीच पंखे अहोरात्र फिरू लागतात आणि दिवाळीच्या पहाटेलाही अभ्यंगाच्या कढत पाण्याची गरज रूढीपलीकडे फारशी भासत नाही, तेथे उष्ण प्रदेशातून आलेल्या झाडांचे तापमान कसे राखावे या विषयावर कोणी पुस्तिका लिहावी आणि वर तिला लांबलचक प्रस्तावनाही जोडावी, हा उद्योग प्रथमदर्शनी अनाठायी वाटण्याचा संभव आहे. झाडाला ऊब हवी असेल तर या शहरात त्यासाठी वेगळी तजवीज करावी लागत नाही; ती येथे बारा महिने, आणि पुष्कळदा मागणीपेक्षा अधिकच, मुबलक मिळते. तरीही गिरगावातील एखाद्या वाडीत, दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा लालबाग-परळच्या चाळींत चार बिऱ्हाडांचे कठडे पाहत पाहत गेले, तर प्रत्येक कठड्यावरची कैफियत थोड्याफार फरकाने सारखीच ऐकू येते : बाजारातून आणले तेव्हा झाड टवटवीत होते, पाणी रोज घातले, खतही घातले, आणि तरी पानांच्या कडा करपल्या, खालची पाने पिवळी पडून गळाली, फुलाने तर पुन्हा तोंडच दाखवले नाही. निदान बहुधा एकच सांगितले जाते, की झाडाला उष्णता झाली. आणि उपाय म्हणून आणखी एक तांब्या पाणी घातले जाते. या निदानात तथ्य किती आणि या उपायात अपाय किती, याचा विचार करणे हे या पुस्तिकेचे प्रयोजन होय.

घरात झाडे वाढवण्याची जी विद्या आज छापील पुस्तकांतून आणि कुंडीत खोचलेल्या चिठ्ठ्यांतून आपल्यापर्यंत येते, ती मूळची थंड देशांची आहे. लंडनमध्ये वैद्यकी करणाऱ्या नॅथानिएल वॉर्ड या गृहस्थाने १८२९ साली पतंगाचा एक कोश ओलसर मातीसह बंद बाटलीत ठेवला असता पतंगाऐवजी त्या मातीतून नेच्याचे व गवताचे अंकुर वर आले, आणि शहराच्या धुरकट हवेत जी वनस्पती त्याच्या अंगणात जगत नव्हती ती काचेआड सुखाने वाढली, ही हकीकत उद्यानशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या बाटलीतून पुढे वॉर्डच्या नावाची काचपेटी निघाली, त्या पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधील चहाची रोपे हिंदुस्थानात आणली, आणि दक्षिण अमेरिका, मलाया, पॅसिफिकमधील बेटे येथील अरण्ये पेट्यापेट्यांनी युरोपच्या बंदरांत उतरू लागली. या पाहुण्यांना थंडीपासून वाचवण्यासाठी तेथे लोखंड आणि काच यांची मंदिरे उभी राहिली. लंडनच्या क्यू उद्यानातील १८४८ साली पुरे झालेले पाम हाऊस हे त्यांतले बहुधा सर्वांत देखणे. अशा घरांतून जमिनीखालच्या नळांतून तप्त पाणी खेळवीत आणि माळी रात्री उठून शेगडीत कोळसा घालीत. त्यांच्या अनुभवातून जे नियम सिद्ध झाले, ते त्यांच्या परिस्थितीत अगदी रास्त होते : रात्रीचे तापमान पंधरा अंशांखाली उतरू देऊ नये, खिडकीच्या गार काचेला पान टेकू देऊ नये, झाडाला दक्षिणेच्या खिडकीत जास्तीत जास्त ऊन मिळेल अशी जागा द्यावी. हेच नियम भाषांतरित होऊन गिरगावात आले, आणि गिरगावच्या रहिवाशाने, पुस्तकावर विश्वास ठेवण्याच्या आपल्या जुन्या सवयीप्रमाणे, ते मुकाट्याने पाळले.

मुंबईने स्वतःची विद्या निर्माण केली नाही असे मात्र नाही. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यान मंडळाची बाग पूर्वी शिवडीस होती, जेथे पुढे ख्रिस्ती दफनभूमी झाली. त्याच मंडळाने भायखळ्यास नवी बाग वसवली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रेअर यांच्या हस्ते ती खुली झाली. तीच आपली राणीची बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. देशोदेशींचे वृक्ष तेथे रुजले आणि काचेची किंवा कोळशाची भीक न मागता दीड शतकावर वाढले. परंतु बागेतील माळ्यांचे ज्ञान हातोहात चालत राहिले, ग्रंथात फारसे उतरले नाही. आणि मराठीत वनस्पतींवर ज्यांनी सुंदर लिहिले, त्या दुर्गाबाई भागवत काय किंवा शरदिनी डहाणूकर काय, त्यांची दृष्टी साहजिकच जमिनीत उभ्या असलेल्या वृक्षांकडे आणि ऋतूंच्या विशाल चक्राकडे लागलेली होती. कठड्यावरचे डबे व कुंड्या हा काही साहित्याचा विषय नव्हे अशीच एकंदर समजूत दिसते. मला ती पटत नाही; कारण फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावे आता केवळ पाट्यांवर उरलेल्या या शहरात बहुसंख्य लोकांच्या वाट्याला येणारी एकूण शेतजमीन म्हणजे ती कुंडीच आहे.

विषयात शिरण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. उष्ण कटिबंधातील झाड म्हणजे उन्हातले झाड, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की बाजारातून आणलेली शोभिवंत पानांची कुंडी आपण लगेच कठड्यावर, उन्हाच्या माऱ्यात नेऊन ठेवतो. वस्तुस्थिती अशी की घरात ठेवण्याजोगी म्हणून जी झाडे विकली जातात त्यांतील पुष्कळशी अरण्याच्या तळमजल्यावरची रयत आहे. डिफेनबेकिया, अ‍ॅग्लोनेमा, फिलोडेंड्रॉन, स्पॅथिफायलम ही सारी मोठ्या वृक्षांच्या सावलीत, पाचोळ्याच्या ओलसर थरावर वाढणारी कुळे. त्यांच्या माथ्यावरून सूर्य जातो खरा, पण त्याचे किरण पानांच्या अनेक पडद्यांतून गाळून येतात, आणि त्यामुळे तेथील हवा दिवसा फार तापत नाही व रात्री फार निवत नाही. आपला मनीप्लँट, जो चोरून आणल्याशिवाय लागत नाही अशी कित्येक सज्जनांची सोयीस्कर श्रद्धा आहे, तो मूळचा पॅसिफिकमधील सोसायटी बेटांच्या समूहातील मूरेआ बेटाचा. समुद्रकाठची दमट, समतोल हवा त्याच्या अंगवळणी पडलेली, म्हणून मुंबईत तो दारूच्या रिकाम्या बाटलीतसुद्धा तगतो. मोलुक्का बेटांकडून आलेला क्रोटन थोडेफार ऊन मागतो, नाहीतर त्याचे रंग उतरतात.

परंतु याच बाजारात याच शेल्फावर दुसरी एक जात असते, आणि फसगत होते ती तेथे. उष्ण कटिबंधात डोंगरही आहेत, आणि समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला हवा साधारण सहा ते साडेसहा अंशांनी थंड होत जाते, हे महाबळेश्वरला जाऊन आलेल्या प्रत्येक मुंबईकराने अंगावर शाल घेऊन अनुभवलेले आहे. आफ्रिकन व्हायोलेट म्हणून मिळणारे मखमली पानांचे नाजूक झाड टांझानियातील उसांबारा डोंगरांचे. अँथुरियमचा लाल पंखा प्रथम उघडला तो कोलंबियातील अँडीजच्या उतारांवर. ऑर्किडांच्या पुष्कळ जाती तर ढगांत बुडालेल्या अरण्यांच्या. भूगोलाच्या नकाशावर ही सगळी मंडळी उष्ण कटिबंधाचीच, पण त्यांची रात्र आपल्या रात्रीहून निराळी असते. एकाच चिठ्ठीवर एकच आकडा छापून ही दोन कुळे एका दावणीला बांधणे, हा व्यापाराचा सोयीचा मामला आहे, वनस्पतीचा नव्हे.

आता मुंबईच्या हवेचा हिशेब. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली, तेव्हा हवेच्या नोंदी ठेवण्यात हे शहर कोणाला हार जाणारे नाही. पौषातील पहाट साधारण एकोणीस अंशांची आणि वैशाखातील दुपार तेहेतीस-चौतीस अंशांची, एवढ्या अरुंद पट्ट्यात बेटाच्या दक्षिण भागाचे वर्ष सामावते. उपनगरातील सांताक्रूझला पारा १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांपर्यंत चढला होता आणि २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. पण समुद्राकाठच्या गिरगावात असा अतिरेक होत नाही. बहुतेक शोभिवंत झाडे दहा-बारा अंशांखाली गेल्यावर इजा पावतात, पान पाणी लागल्यासारखे डागाळून काळे पडते. तो प्रसंग येथे उघड्यावर येतच नाही म्हटले तरी चालेल. कागदावर पाहिले तर क्यूच्या माळ्याने कोळसा जाळून जे साधले, ते मुंबईला निसर्गाने फुकट दिले आहे. मग झाडे करपतात का?

करपतात याचे कारण असे की वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पेटीत, सावलीत टांगलेला असतो, आणि झाड तसे टांगलेले नसते. हवेचे तापमान ही एक गोष्ट, पानाचे दुसरी, मुळांचे तिसरी. आणि या तिघांच्या जोडीला रात्र ही चौथी. या पुस्तिकेतील सर्व विवेचन या चौघांभोवती फिरते, म्हणून त्यांची ओळख येथे सविस्तर करून देतो.

पान हे स्वतःला गार ठेवणारे यंत्र आहे. त्याच्या सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ होऊन जाते, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. त्या खर्चावर पानाचे आरोग्य चालते. परंतु मुळांनी पाणी पुरवले पाहिजे, रंध्रे उघडी राहिली पाहिजेत, आणि पानाभोवतीची दमट हवा वाऱ्याने हलती राहिली पाहिजे. यांपैकी एक जरी अट मोडली तरी थेट उन्हातील पान आसपासच्या हवेपेक्षा दहा अंशांनी किंवा त्याहूनही अधिक तापू शकते. म्हणजे वर्तमानपत्रात तेहेतीस अंश छापलेले असताना कठड्यावरच्या पानाने त्रेचाळीस सोसलेले असतात. मुंबईच्या उन्हाळ्यातला खरा विकट प्रसंग म्हणूनच वैशाखात येत नाही. तो फाल्गुनात येतो. वैशाखात दुपारी खारे वारे वेळेवर सुटतात आणि चौपाटीपासून ठाकूरद्वारापर्यंत सगळ्या गल्ल्यांना त्यांचा दिलासा मिळतो. फाल्गुनात मात्र काही दिवस जमिनीवरून येणारा कोरडा पूर्वेचा वारा असा जोर धरतो की खाऱ्या वाऱ्याला दुपार उलटेपर्यंत किनाऱ्यावर पाऊल टाकता येत नाही, आणि तेवढ्या अवधीत पारा अडतीस-चाळीसपर्यंत जाऊन पोहोचतो. कोरडी हवा पानातून पाणी ओढून घेते, मुळे तितक्या वेगाने पुरवू शकत नाहीत, झाड आपली रंध्रे मिटून घेते, आणि मिटलेल्या रंध्रांचे पान तापत राहते. कडा करपतात त्या या दिवसांत.

दुसरा विकट काळ भाद्रपदाच्या अखेरीपासून आश्विनभर असतो. आषाढ-श्रावणात सूर्यदर्शन दुर्मीळ, दिवस एकोणतीस-तीस अंशांचा, रात्र पंचवीसची, हवा पाण्याने भरलेली; उष्ण कटिबंधातील अरण्याचे इतके हुबेहूब अनुकरण मुंबईत दुसऱ्या कोणत्याही महिन्यात होत नाही, आणि झाडे या काळात भराभर, पण मऊ, पातळ सालीची पाने काढतात. मग एके दिवशी ढग निघून जातात. जी पाने उन्हाशिवाय जन्मली त्यांच्यावर ऑक्टोबरचे ऊन एकदम पडते, आणि गणपतीत वाखाणलेले झाड दसऱ्याला पांढरट डागांनी भरून जाते. या दोन्ही काळांचा बंदोबस्त आकड्यांनी होत नाही, पडद्याने होतो. पूर्वी चिकाचा किंवा वाळ्याचा पडदा असे, आता हिरवी जाळी मिळते. ती चैत्र लागल्यावर बांधण्याची वहिवाट आहे, प्रत्यक्षात ती माघाच्या अखेरीस चढली पाहिजे आणि पावसाळ्यात उतरवली तर भाद्रपदात पुन्हा चढली पाहिजे.

मुळांची कथा अधिक दुर्लक्षित आहे, कारण ती दिसत नाहीत. मुंबईच्या चाळीत कित्येक तुळशी आणि त्याहून अधिक मनीप्लँट डालड्याच्या डब्यांत वाढले. डबा रिकामा झाला की खिळ्याने तळाला भोके पाडून तो कठड्यावर जायचा. काटकसर म्हणून ही व्यवस्था स्तुत्य होती, पण पश्चिमेच्या उन्हात पत्रा काही मिनिटांत तापतो आणि त्याला टेकलेली मुळे भाजून निघतात. आजची काळी प्लास्टिकची कुंडी या बाबतीत त्या डब्याची सख्खी वारस आहे. मातीचे तापमान चाळिशीकडे गेले की कोवळी मुळे निकामी होऊ लागतात. भाजक्या मातीची कुंडी, जी अजूनही धारावीच्या कुंभारवाड्यात घडते, ती माठातील पाणी ज्या न्यायाने गार राहते त्याच न्यायाने आतल्या मातीला गार ठेवते : पाणी अंगातून पाझरते, बाहेर त्याची वाफ होते. मात्र आपण दिवाळीला त्या कुंडीला तांबडा तैलरंग फासतो आणि तिची सगळी छिद्रे बुजवून टाकतो. रंग द्यायचाच असेल तर गेरू द्यावा. आपल्या पूर्वजांनी तो केवळ शोभेसाठी निवडला असे मला वाटत नाही.

येथेच त्या आणखी एका तांब्याचा निकाल लागतो. तापलेल्या मातीत मुळांचा श्वासोच्छ्वास वाढतो, म्हणजे त्यांना प्राणवायू अधिक लागतो. आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी कुंडी काठोकाठ भरून ठेवणे म्हणजे दमेकऱ्याच्या तोंडावर उशी ठेवण्याचा प्रकार होय. झाड सुकलेले दिसते, माती मात्र ओली असते. आपण पुन्हा पाणी घालतो, मुळे कुजतात, आणि मृत्यूचा दाखला उष्णतेच्या नावे लिहिला जातो. पाण्याची वेळही महत्त्वाची. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी एप्रिलात हाताला चटका देते. उलट फ्रिजमधले पाणी आफ्रिकन व्हायोलेटच्या पानावर पडले की तेथे पिवळे वळसे उमटतात, कारण पानापेक्षा बरेच गार पाणी त्याच्या पेशींना इजा करते. चाळीत पहाटे पाणी येते, ते पिंपात भरून ठेवले जाते, आणि सकाळी त्याचे तापमान नेमके खोलीइतके असते. पाणीटंचाईने शिकवलेली ही शिस्त झाडांच्या दृष्टीने उत्तम आहे. ऑर्किडच्या कुंडीत बर्फाचे खडे ठेवावेत असा एक अमेरिकन सल्ला हल्ली येथेही ऐकू येतो. तो तेथेच राहू द्यावा.

रात्रीविषयी थोडे. झाड दिवसा साखर कमावते आणि अहोरात्र खर्च करते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा खर्च साधारण दुप्पट होतो. वैशाखात मुंबईची रात्र सत्तावीस अंशांवरच अडून बसते, आणि सखल प्रदेशातील झाडे ते सोसतात, पण डोंगराकडची मंडळी दिवसाची कमाई रात्रीत उधळून हळूहळू कंगाल होत जातात. फॅलेनॉप्सिस ऑर्किड पहिली फुले गळाल्यावर वर्षानुवर्षे नुसती पाने काढत राहते याची तक्रार मी दादरच्या कितीतरी घरांत ऐकली आहे. हवा सतत अठ्ठावीस अंशांवर राहिली तर ती फुलदांडा सहसा धरत नाही, हे त्याचे कारण. मार्गशीर्ष-पौषाच्या थोड्या गार आठवड्यांत तिला बंद खोलीतून काढून रात्री खिडकीत ठेवले तर दांडा येण्याची आशा असते. ज्यांना एवढी खटपट नको त्यांनी आपल्या सह्याद्रीतल्या सीतेच्या वेणीच्या कुळातील रोपवाटिकेत वाढवलेले रोप घ्यावे. अरण्यातून ओरबाडून आणलेले नव्हे.

गॅलरीच्या दिशेविषयी पुस्तकी नियम आणि मुंबईचे आकाश यांचे मुळीच जमत नाही. हे शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे एकोणीस अक्षांशांवर आहे. म्हणून मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पायाशी नाहीशी होते, आणि तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. युरोपात उत्तरेची खिडकी म्हणजे बारमाही सावली. गिरगावात तीच गॅलरी दहा महिने सुरक्षित राहून मेच्या उत्तरार्धात, पाऊस येण्यापूर्वीच्या त्या असह्य पंधरवड्या-तीन आठवड्यांत, सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन घेते. दक्षिणेची गॅलरी, जिला इंग्रजी पुस्तके उन्हाचे माहेर समजतात, ती आपल्याकडे वैशाखात वरच्या मजल्याच्या छायेत असते आणि पौषात, जेव्हा ऊन हवेहवेसे असते, तेव्हा खोलवर उजळते. तिच्याइतकी शहाणी जागा नाही. पूर्वेची सौम्य. पश्चिमेची मात्र कठीण, कारण दुपारी दोनपासून सूर्य समोर आणि पाठीमागची भिंत तापून मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता परत करणारी. १९२०च्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींच्या काँक्रीटच्या भिंती या कामात विशेष तत्पर. शेवटच्या मजल्यावर पत्रा असेल तर दिशेचा प्रश्नच उरत नाही. कुंडी भिंतीपासून हातभर पुढे ओढणे, चार कुंड्या एकमेकींना लागून ठेवणे, डोंगरी झाड जमिनीवर आणि बेटावरचे झाड वर ठेवणे, एवढ्याने जे साधते ते कोणत्याही यंत्राने साधत नाही. तापमान राखणे म्हणजे मुख्यतः जागा राखणे, या एका सिद्धांतावर मी पुढील सर्व प्रकरणे रचली आहेत.

यंत्राचा उल्लेख आला, तेव्हा परळच्या गिरण्यांविषयी लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. कापसाचे सूत कोरड्या हवेत तुटते. म्हणून साळखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत, पाण्याचे तुषार सोडीत, आणि साच्यांच्या घर्षणाने ती हवा तापत असे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात या कृत्रिम आर्द्रतेसाठी एक स्वतंत्र कलम घालावे लागले, इतका तो कामगारांच्या जिवाशी निगडित प्रश्न होता. गिरण्यांवरची करवतदाती छपरे पाहिली तर त्यांच्या काचा उत्तरेकडे तोंड करून असत, म्हणजे प्रकाश यावा पण ऊन येऊ नये. क्यूच्या उष्णगृहात झाडांसाठी जी हवा आणि जो प्रकाश निर्माण केला जाई, जवळजवळ तोच परळ-लालबागमध्ये सुतासाठी निर्माण केला जाई. आणि त्यात दिवसाचे आठ तास माणसे उभी राहत. पाळी संपवून चाळीत परतलेला माणूस दारातल्या तुळशीला पाणी घालताना ज्या हवेत श्वास घेई, ती त्याला थंड वाटत असली पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्या जमिनींवर काचेच्या इमारती आल्या, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यातील गमतीचा भाग असा की थंड देशांतील पुस्तकांचे जे नियम मुंबईत शंभर वर्षे गैरलागू होते, ते लोअर परळमध्ये अकस्मात लागू झाले. वातानुकूल यंत्रे सुरू होताना चोवीस अंशांवर असावीत असा सरकारी दंडक १ जानेवारी २०२० पासून आहे, आणि चोवीस अंश हे बहुतेक झाडांना मानवणारे तापमान आहे. परंतु यंत्राच्या तोंडातून निघणारा झोत खोलीपेक्षा दहा-बारा अंशांनी थंड असतो, शिवाय ते यंत्र हवेतील पाणी काढून घेते. झोताच्या वाटेत उभे असलेले डिफेनबेकिया मे महिन्याच्या मुंबईत थंडीने काळवंडते, हा देखावा मी पाहिला आहे. त्यात भर म्हणजे संध्याकाळी यंत्र बंद होते, काचेची इमारत तापू लागते, रविवारी तर ती दिवसभर तापते. मूरेआ बेटावर असे हेलकावे कधी झाले नाहीत. पुष्कळ कचेऱ्यांतील हिरवळ तरीही ताजी दिसते, कारण ती भाड्याची असते. कंत्राटदाराचा माणूस ठरल्या मुदतीत येतो, थकलेली झाडे नेतो, दुसरी ठेवतो. झाडांची ही बदली पाहून त्यांच्या सुदृढतेविषयी कोणी अनुमान काढू नये. आणि यंत्राची दुसरी बाजूही विसरू नये : ज्या घरात गारवा झाला त्या घराची उष्णता बाहेरच्या पेटीतून शेजाऱ्याच्या कुंड्यांवर सोडली जाते. राणीच्या बागेत जुलै २०१६ मध्ये सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आले, आणि त्यांच्यासाठी सोळा-अठरा अंशांचे काचघर बांधावे लागले. वॉर्ड आणि त्याचे समकालीन यांनी ते पाहिले असते तर काचेचा हा उलटा उपयोग पाहून त्यांना मौज वाटली असती.

पुढील प्रकरणांत झाडांची मांडणी त्यांच्या मूळ स्थानाप्रमाणे, बेटांची, सखल अरण्यांची आणि डोंगरांची अशी केली आहे. महिने मराठी दिले आहेत, कारण कुंडीला पाऊस केव्हा लागतो हे त्यांत अधिक चांगले कळते. वाचकाने एक कमाल-किमान तापमापक अवश्य घ्यावा, आणि तो भिंतीवर न टांगता झाडांच्या मध्ये, पानांच्या उंचीवर, सावलीत टांगावा. मोठे कुलर, तापवणाऱ्या गाद्या, वाफेची यंत्रे यांविषयी मी लिहिलेले नाही. दहा बाय दहाच्या खोलीत त्यांना जागा नाही.

शेवटचे प्रकरण चाळ सोडून जाणाऱ्यांसाठी आहे. पुनर्विकासात उंच इमारतींत गेलेल्या कुटुंबांची झाडे पहिल्याच वर्षी का मरतात, याचे उत्तर पाऱ्यात सापडत नाही, कारण विसाव्या मजल्यावर तो गल्लीतल्यापेक्षा फारसा वेगळा नसतो. तेथे सामायिक गॅलरीचे छप्पर नसते, समोरच्या चाळीची सावली नसते, आणि वारा पानांतील पाणी सतत पळवीत असतो. त्यातून गृहप्रवेशाचे मुहूर्त बहुधा अक्षय्य तृतीयेचे नाहीतर दसऱ्याचे, म्हणजे एक भर उन्हाळ्यातला, दुसरा आश्विनाच्या कडक उन्हातला. माणसांनी मुहूर्त जरूर साधावा. कुंड्या मात्र पहिल्या पक्षी मृगाच्या सरी पडेपर्यंत आणि दुसऱ्या पक्षी कार्तिक अर्धा सरेपर्यंत एखाद्या नातलगाच्या पूर्वेकडच्या गॅलरीत मुक्कामाला ठेवाव्यात, आणि नव्या घरी आणल्यावरही पहिले पंधरा दिवस खिडकीपासून दोन हात आत.